आडवी निवेदिता, उभी तारा

सूत्र असे: गवई ही पट्टी सांगतो, शेतकरी ही नांगरतो आणि जोयड्यात ही वाहते. घरे दोन.

उत्तर 'काळी'. पेटीवाल्याला गवई सांगतो, माझी काळी दोन. गावगाड्यात कसायची जमीन ती काळी आणि घरे बांधायची ती पांढरी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या आमच्या जोयडा तालुक्यात दिग्गीच्या रानात उगम पावून, सुमारे 184 किलोमीटर वाहत कारवारजवळ समुद्राला मिळणारी नदी, तीही काळीच. एका शब्दाच्या पोटात इतके अर्थ असले की शब्दकोडे रचणाऱ्याला घबाड सापडते. त्यात शब्दकोड्याची चौकटसुद्धा काळ्या-पांढऱ्या घरांचीच.

हे सारे सुचले ते आयर्लंडमुळे. माझा भाचा डब्लिनला असतो. तिथल्या पेपरातल्या कोड्यांचे फोटो तो मला पाठवतो आणि खाली लिहितो, 'मावशी, बघ सुटतंय का.' इंग्रजी कोडी सोडवता सोडवता एक गोष्ट ध्यानात आली. आयर्लंडशी संबंधित ठरावीक पाच-सहा शब्द त्यांत सारखे भेटतात, आणि हे केवळ डब्लिनच्या पेपरात नव्हे. लंडन, न्यूयॉर्क, अगदी बेंगळुरूच्या इंग्रजी पेपरातही 'पाचूचे बेट' असे सूत्र आले की उत्तर 'एरिन'. 'डब्लिन जिथे आहे तो देश' म्हटले की 'ई-आय-आर-ई', म्हणजे 1937 च्या राज्यघटनेत लिहिलेले देशाचे आयरिश नाव. 'गेलिक भाषा' म्हटले की 'एर्स'. 'आयरिश गायिका' म्हटले की 'एन्या'. 'राजांची टेकडी' म्हटले की 'तारा'.

आयर्लंडवर इंग्रजी कोडेकारांचे इतके प्रेम का असावे? प्रेम देशावर नाही, अक्षरांवर आहे. इंग्रजी कोड्यात एका घरात एक अक्षर बसते आणि चांगल्या चौकटीत बहुतेक घरांवरून एक आडवा आणि एक उभा असे दोन शब्द जातात. अशा जागी स्वर लागतात. ई-आय-आर-ई या चार अक्षरांत तीन स्वर आहेत आणि उरलेला 'आर' इंग्रजीतल्या सर्वांत वापरातल्या व्यंजनांपैकी एक. रचनाकार एखाद्या कोपऱ्यात अडकला की हा शब्द त्याला सोडवतो. 'एर्स' हा तर गेलिक भाषेसाठी स्कॉटलंडात वापरला जाणारा जुना शब्द. बोलण्यातून तो जवळजवळ गेला, पण शब्दकोड्यात अजून नांदतो आहे. चौकटीच्या गरजेने एक शब्द जिवंत राहिला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

मग मी ठरवले, आयर्लंड हाच विषय धरून मराठीत कोडे रचायचे, आणि ते जोयड्याच्या मुलांना सुटले पाहिजे. इथली मुले घरात कोंकणी किंवा मराठी बोलतात, शाळेत कन्नड लिहितात. त्यांना 'पाचूचे बेट' सांगून काय उपयोग? सूत्र त्यांच्या ओळखीच्या वाटेने आयर्लंडला गेले पाहिजे.

पहिला शब्द अर्थात 'आयर्लंड'. मराठीत घर अक्षराचे असते, आणि अक्षर म्हणजे व्यंजन, त्याची मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर असले तर ते सगळे मिळून. म्हणून आयर्लंडची घरे चार: आ, य, र्लं, ड. इंग्रजीत हा सात अक्षरांचा शब्द, आपल्याकडे चारांत मावला. पण तिसऱ्या घराने मला आडवे केले. 'र्लं' ज्यात आहे असा दुसरा मराठी शब्द शोधा. मला तरी सापडला नाही. म्हणजे त्या घरावरून उभा शब्द जाऊच शकत नाही. त्याच्या वर-खाली काळी घरे टाकावी लागतात. 'यीट्स'चे तेच. यी आणि ट्स, दोन घरे, दोन्ही अडेलतट्टू. 'शॉ' तर एका घरात संपला. एका घराला कोड्यात शब्द म्हणत नाहीत, तेव्हा नोबेल मिळवलेला इतका मोठा नाटककार आपल्या चौकटीत आडनावाने येऊच शकत नाही.

मराठी कोड्यांत काळी घरे जास्त का असतात, याचे उत्तर इथे आहे. इंग्रजीला सव्वीस खुणा पुरतात. आपल्याकडे 'क' वेगळा, 'का' वेगळा, 'कि' वेगळा, 'की' वेगळा. आडव्या शब्दातला 'की' उभ्या शब्दातही 'की'च हवा. त्यात आपल्या शुद्धलेखनाने आणखी एक पेच घातला आहे. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, आणि मधला बहुधा ऱ्हस्व. मात्र शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा दीर्घ. आता 'एरिन' आडवा घातला आणि त्याच्या 'रि'वरून उभा 'हरीण' सोडायला गेले तर जुळेना, कारण मराठीत हरीण लिहिताना 'री' दीर्घ. 'सरिता' मात्र बसली: स, रि, ता. आयर्लंडवरून नदी गेली. 'काळी'च्या 'ळी'वर 'कोळीण' नेमकी बसते, कारण तिचा शेवटचा 'ण' अकारान्त आहे. शाळेत रुक्ष वाटणारा हा नियम कोडे रचताना हातात सुताराच्या हत्यारासारखा धरावा लागतो. मुलांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवायचे असेल तर त्यांना कोडे रचायला बसवा, असे मी मनापासून सांगेन.

उलट काही आयरिश शब्द मराठी चौकटीसाठीच जन्मल्यासारखे आहेत. 'ओघम' घ्या. दगडाच्या कडेवर खाचा पाडून लिहायची ही आयर्लंडची जुनी लिपी. तिच्यात मुळात वीस अक्षरे होती, आणि तिचे शेकडो शिलालेख आजही उभे आहेत. ओ, घ, म. घ वरून 'घर' सोडा, म वरून 'मध'. ना जोडाक्षर, ना मात्रेची अडचण.

आणि मग मला माझ्या कोड्याचा कोपरा मिळाला. आडवा शब्द: 'आयर्लंडात जन्मलेली भगिनी, जिने कालीमातेवर पुस्तक लिहिले'. मार्गारेट नोबल 1867 साली टायरोन परगण्यातल्या डंगॅनन इथे जन्मली, विवेकानंदांची शिष्या झाली आणि 1900 साली तिचे कालीमातेवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. उत्तर 'निवेदिता'. नि, वे, दि, ता. शेवटच्या 'ता'वरून खाली उभा शब्द: 'वीज वाहून नेणाऱ्या, आणि आयरिश राजांची टेकडी'. उत्तर 'तारा'. त्या 'रा'वरून पुन्हा आडवा: 'सुपा धरणाने उठवलेल्या माणसांचे नवे गाव'. उत्तर 'रामनगर'. डंगॅननची मुलगी, मीथ परगण्यातली टेकडी आणि आमच्या तालुक्यातले पुनर्वसनाचे गाव तीन शब्दांत एकमेकांना चिकटले. ओढूनताणून नव्हे, एकेका अक्षराने.

सुपा म्हणजे इथले जुने तालुक्याचे गाव. जोयडा तालुक्याचे नावच पूर्वी सुपा होते. काळीवर 101 मीटर उंचीचे धरण झाले, 1987 च्या सुमारास काम पुरे झाले, गाव पाण्याखाली गेले आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. 'सुपात' या तीन घरांच्या शब्दाला मराठीत एक तयार सूत्र आहे: जात्यातले रडतात तेव्हा हसणारे कुठे असतात? पुष्कळदा लिहून मी ते खोडले. ज्यांची घरे गेली त्यांच्या मुलांपुढे हे सूत्र ठेवणे मला बरे वाटेना. शेवटी 'काळीच्या पाण्याखालचा जुना तालुका' एवढेच ठेवले आणि घरे दोन केली. सूत्राला हुशारी हवी, पण ते कुणाच्या पुढ्यात ठेवायचे आहे याचे भानही हवे.

उळवी चटकन बसली. चन्नबसवण्णांच्या समाधीचे ठिकाण, उ, ळ, वी. आणि 'वी'वरून खाली 'वीज', जी काळीच्या पाण्यावर होते. कुणबीच्या 'बी'वरून 'बीज'. 'कॅसलरॉक'ची पाच घरे. गोव्याच्या सीमेवरचे हे स्टेशन आमच्याच तालुक्यात आहे, एकेकाळी इंग्रजांची हद्द तिथे संपायची आणि पुढे पोर्तुगिजांची सुरू व्हायची. त्याच्या 'रॉ'वर काय घालणार, हा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. मग आठवले 'रॉकेल'.

आता आयर्लंडचे दोन शब्द असे आहेत की ते आपल्याकडे पाहुणे म्हणून आले आणि घरचे झाले. पहिला 'बॉयकॉट'. चार्ल्स बॉयकॉट हा मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी. 1880 साली कुळांनी खंड कमी करून मागितला, याने त्यांना जमिनीवरून काढायला घेतले. तेव्हा गावाने त्याचे काम करायचे सोडले, दुकानदाराने माल द्यायचे सोडले, टपाल पोचवायला माणूस मिळेना. काही आठवड्यांत त्याचे आडनाव इंग्रजीत क्रियापद झाले. पंचवीस वर्षांनी वंगभंगाच्या चळवळीत ते आपल्याकडे आले आणि 'बहिष्कार' या नावाने टिळकांच्या चतुःसूत्रीत बसले. मराठी कोड्यात याला दुहेरी सूत्र देता येते: 'मेयोतला कारभारी, यॉर्कशायरचा फलंदाज'. बॉ, य, कॉ, ट.

दुसरा शब्द आमच्या शेजारच्या जिल्ह्यातला. आयर्लंडने स्वतःच्या कारभारासाठी कित्येक वर्षे जी मागणी लावून धरली होती तिचे नाव 'होमरूल'. टिळकांनी हिंदी होमरूल लीग काढली ती बेळगावात, 28 एप्रिल 1916 रोजी. त्याच आठवड्यात, 24 एप्रिलला, डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव सुरू झाला होता आणि 29 तारखेला उठाववाल्यांनी शरणागती पत्करली. एकीकडे आयर्लंडातले तरुण होमरूलच्या मागणीला मागे टाकून बंदुका घेऊन टपाल कचेरीत शिरले होते, आणि दुसरीकडे बेळगावात त्याच शब्दाला नवी पालवी फुटत होती. हो, म, रू, ल. 'बेळगावात रोवलेले आयरिश रोप' असे सूत्र मी दिले आहे. शब्दकोडे इतिहास शिकवत नाही, पण दोन तारखा शेजारी ठेवायला लावते.

शॉलाही मी आडवाटेने आत घेतले. 'ती फुलराणीच्या मूळ नाटककाराचे जन्मगाव' म्हटले की ज्याने पु. ल. देशपांडे यांचे 1975 चे नाटक पाहिले किंवा ऐकले आहे त्याला 'डब्लिन' गाठायला वेळ लागत नाही. ड, ब्लि, न. मधल्या घरावर काळे घर.

इथवर सगळे आनंदाचे. पण शब्दकोड्याची एक बाजू आपल्या भागाने भोगली आहे आणि ती सांगितल्याशिवाय चांगले सूत्र म्हणजे काय ते कळणार नाही.

शब्दकोडे जगात पहिल्यांदा छापले गेले ते 21 डिसेंबर 1913 रोजी, न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत. रचणारा आर्थर विन, लिव्हरपूलमध्ये जन्मलेला. पुढे हे वेड जगभर गेले. आपल्याकडे 1940 नंतरच्या काळात त्याला बक्षिसाची जोड मिळाली. प्रवेश फी भरा, कोडे पाठवा, हजारोंचे बक्षीस घ्या. आरएमडीसी शब्दकोडी हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. ती बेंगळुरूला छापल्या जाणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकात येत. बेंगळुरू तेव्हा म्हैसूर राज्यात होते. आणि आमचा उत्तर कन्नड जिल्हा? तो 1862 पासून मुंबई इलाख्यात आणि 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात. म्हणजे सुप्याच्या माणसाने हे साप्ताहिक विकत घेऊन कोडे भरले, की ते परराज्यात छापलेले कोडे ठरे. मुंबई सरकारने 1948 च्या बक्षीस-स्पर्धा कायद्यात 1952 साली दुरुस्ती करून अशा बाहेरून येणाऱ्या स्पर्धांवरही परवाना आणि कर लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला, निकाल एप्रिल 1957.

न्यायालयापुढचा प्रश्न ऐकायला साधा होता: हे कोडे बुद्धीचे की नशिबाचे? या कोड्यांत एका जागी दोन शब्द सारखेच बसत. दोन्ही सूत्राला धरून, दोन्ही अर्थाने योग्य. त्यांतला कोणता 'बरोबर', हे चालकांनी आधीच ठरवून ठेवलेले. सोडवणाऱ्याने कितीही शब्दकोश चाळले तरी शेवटी त्याला चालकांच्या मनातला शब्दच ओळखायचा असे. न्यायालयाने म्हटले, हा जुगार आहे, आणि जुगार म्हणजे राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. तिकडे 1955 च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसाची रक्कम महिन्याला एक हजार रुपयांवर आणि प्रवेशिका दोन हजारांवर आणून ठेवल्या होत्या. त्या कायद्यालाही न्यायालयाने उचलून धरले. बक्षिसाच्या शब्दकोड्यांचा बाजार तिथे मोडला.

मला हा निकाल शब्दकोड्यावरचा उत्तम समीक्षा-लेख वाटतो. सूत्र कितीही फसवे असो, उत्तर सापडल्यावर सोडवणाऱ्याला वाटले पाहिजे की हेच, दुसरे नाही. काळीला 'एक रंग' असे सूत्र दिले तर दोन घरांत 'काळा', 'निळा', 'लाल', 'भुरा' सगळे बसतात. पट्टी, नांगर आणि जोयडा असे तीन टेकू दिले की एकच शब्द उभा राहतो. पहिले सूत्र नशिबाचे, दुसरे बुद्धीचे. आडवे-उभे शब्द एकमेकांना तपासतात ते यासाठीच. आमच्याकडच्या हुमाणात, उखाण्यात अशी तपासणी नसते; उत्तर घालणाऱ्याच्या तोंडी असते, आणि तो 'चुकलं' म्हणाला की चुकले. छापलेल्या चौकटीत रचणाऱ्यालाही हात बांधून घ्यावे लागतात.

आयर्लंडात हे हात बांधून घेणे एका माणसाने आयुष्यभर केले. डेरेक क्रोझियर हा डब्लिनकर 1943 साली 'आयरिश टाइम्स'साठी कोडी रचू लागला. त्याने टोपणनाव घेतले ते आयरिश भाषेतले, त्याचा अर्थ तिठा-चौक, वाटा एकमेकींना छेदतात ती जागा. आणि त्यात त्याचे आडनावही ऐकू येते. पुढे तो आफ्रिकेत, आजच्या झिंबाब्वेमध्ये राहायला गेला आणि तिथून डब्लिनला कोडी पाठवत राहिला. 2010 साली तो वारला तेव्हा त्याची हजारो कोडी छापून झाली होती, आणि पाठवून ठेवलेली कोडी त्याच्यानंतरही वर्षभराहून जास्त काळ येत राहिली. देश सोडलेल्या माणसाने देशाच्या भाषेतले खाचखळगे इतके लक्षात ठेवले, हे वाचून मला परदेशातली आपली मुले आठवतात. भाच्याला मी सांगितले आहे, तू सोडवतोस तसे मराठीतून एक रचूनही पाठव.

माझे कोडे अजून पुरे झालेले नाही. 'मुडली' कुठे घालायची ते सुचत नाही. हा इथल्या कुणब्यांच्या परसातला मोठा कंद. जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो तेव्हा तो ढिगाने दिसतो. मु, ड, ली. 'आयर्लंड'चा शेवटचा 'ड' मोकळा आहे. मुडलीचा मधला 'ड' त्याच्यावर ठेवला की वर 'मु' येतो आणि खाली 'ली'. बटाट्यावर जगलेल्या आणि 1845 साली बटाट्यावर रोग पडल्यावर उपासमारीत दहा लाखांच्या आसपास माणसे गमावलेल्या देशाशी आमचा कंद जुळेल, हे लिहिताना सुचले. घालते तिथेच.

मराठी पेपरांच्या कोडेकारांना एक विनंती. नदी म्हटले की गोदा, भीमा, कृष्णा आणि स्टेशन म्हटले की दादर, ठाणे, एवढ्यावर थांबू नका. उळवी, अणशी, दिग्गी, सुपा, जगलबेट, कॅसलरॉक ही नावेही मराठी वाचणाऱ्यांच्या तोंडची आहेत, आणि यांतली बरीचशी जोडाक्षरावाचूनची, चौकटीत सहज बसणारी आहेत. ज्यांना माझे कोडे पुरे करायचे असेल त्यांच्यासाठी एक घर मोकळे ठेवले आहे: निवेदिताच्या 'वे'वरून खाली, दोन घरे, सूत्र 'मुरलीधराच्या ओठी'. दुसरे घर तुम्ही भरा.